पोळ्याला उघडी राहिलेली भेग

२६ ऑगस्ट २०२२. पोळ्याचे दिवस होते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसच्या अमराई वॉर्डात एक राहते घर डोळ्यांदेखत जमिनीत गेले. साठ-सत्तर फूट खोल खड्ड्याने ते गिळले. हादरे जाणवले म्हणून घरातली माणसे आधीच बाहेर पडली होती, त्यामुळे कुणाचा जीव गेला नाही. आजूबाजूची कुटुंबे मात्र त्याच रात्री बोचकी बांधून निघाली. वस्तीखाली जुनी, कधीच बंद झालेली भूमिगत कोळसा खाण होती.

दुसऱ्या दिवशी बऱ्याच बातम्यांत ‘भूस्खलन’ हा शब्द आला. तुमच्या गावात असे काही घडले तर अर्जात हा शब्द लिहू नका. भूस्खलन म्हणजे दरड कोसळणे. ते डोंगरउतारावर होते आणि निसर्गाच्या खात्यात जमा होते. ‘भूमिगत खाणकामामुळे जमीन खचली’ असे लिहा. कारण कुणी खणले, काय रिकामे ठेवले आणि ते का भरले नाही, हे सगळे प्रश्न त्या वाक्यातूनच निघतात.

हा लेख घुग्घुस, बल्लारपूर, माजरी, राजुरा, चंद्रपूर शहरातल्या महाकाली आणि लालपेठ कॉलरीचा परिसर, तसेच नागपूरकडे कामठी, सिल्लेवाडा, सावनेर या पट्ट्यात राहणाऱ्यांसाठी आहे. वरोऱ्याची खाण १८७० च्या दशकात सुरू झाली आणि १९०६ मध्ये बंदही झाली. म्हणजे आपल्या पायाखालची पोकळी शंभरावर वर्षांची असू शकते. खाण बंद होते, कामगार बदलून जातात, ऑफिसला कुलूप लागते, इन्क्लाइनच्या, म्हणजे खाणीत उतरणाऱ्या तिरक्या वाटेच्या, तोंडावर बाभळी उगवतात, पण खालची पोकळी तिथेच राहते. म्हणून ‘आमच्याकडची कॉलरी केव्हाच बंद झाली’ हे वाक्य सुरक्षिततेचा पुरावा म्हणून कुणी सांगत असेल तर मला काळजी वाटते.

खाली नेमके काय असते ते आधी समजून घेऊ. आपल्याकडच्या बहुतेक भूमिगत खाणींत कोळशाच्या थरात आडव्या-उभ्या गॅलऱ्या, म्हणजे बोगदे, काढतात. बुद्धिबळाच्या पटासारखी आखणी होते आणि मधले चौकोनी खांब, खाणीच्या भाषेत पिलर, छत पेलण्यासाठी ठेवतात. अनेक खाणींत पुढे हे पिलरही काढून घेतात, त्याला डिपिलरिंग म्हणतात. तेव्हा रिकाम्या जागेत एकतर पाण्यासोबत वाळू भरतात किंवा छत मुद्दाम कोसळू देतात. आपल्या जमिनीखाली यांतले काय झाले, यावर सारा धोका ठरतो. पिलर काढून छत पाडले असेल तर जमीन बहुधा लवकरच, काही महिन्यांत किंवा दोनेक वर्षांत, बशीसारखी बसते आणि मग स्थिरावते. वाळू नीट भरली असेल तर ती फारच थोडी बसते. पण पिलर अर्धवट खरवडून, काही न भरता खाण सोडली असेल, तर तीस-चाळीस वर्षे शांत राहिलेली जमीनही एखाद्या पावसाळ्यात खचू शकते. खाणी १९७३ मध्ये राष्ट्रीयीकृत झाल्या. त्याआधीच्या खासगी मालकांच्या काळात जाता जाता पिलर खरवडून नेण्याची खोड होती, आणि त्या कामांची नोंदही धड नाही.

जमीन दोन तऱ्हांनी खचते. एक बशी आणि दुसरा खड्डा. बशी मोठी, उथळ आणि सावकाश होणारी असते. ती घरांना तडे देते, शेताचा उतार बिघडवते आणि नाल्याचे पाणी भलतीकडे नेते, पण माणूस बहुधा वाचतो. खड्डा लहान, खोल आणि अचानक पडतो. घुग्घुसला पडला तो खड्डा.

खड्डा कुठे पडू शकतो याचा एक ढोबळ अंदाज खाणकामातले लोक वापरतात. अंगणात खड्डा खणून तीच माती परत टाकली तर वर ढीग उरतो, कारण सुटी झालेली माती जास्त जागा घेते. खालच्या गॅलरीचे छत कोसळते तेव्हा हेच होते. दगड तुटून पडतो, फुगतो आणि पोकळी भरत भरत वर सरकते. साधारणपणे गॅलरीच्या उंचीच्या दहा पट वर जाईपर्यंत ती स्वतःच भरून जाते. गॅलरी ३ मीटर उंच आणि वर ८० मीटर दगड असेल तर खड्डा पृष्ठभागापर्यंत पोहोचण्याची शक्यता फार कमी. वर २० मीटरच असेल तर मात्र सावध व्हायला हवे. या हिशेबात पक्का दगडच धरायचा, वरची काळी माती, पिवळी माती आणि भुसभुशीत वाळू वजा करायची. आणि खाली पाणी वाहत असेल, पडलेला मलबा ते वाहून नेत असेल, तर दहा पटीचा आधारही उरत नाही.

म्हणून पहिले काम म्हणजे नकाशा मिळवणे. प्लॉट घेण्याआधी, घराचा मजला वाढवण्याआधी, शाळेची खोली बांधण्याआधी. सातबारा पाहून हे कळत नाही. कोळसा असलेल्या क्षेत्रांसाठी १९५७ चा वेगळा संपादन कायदा आहे. त्यात सरकार जमीन न घेता जमिनीतले हक्क तेवढे घेऊ शकते. वर तुमचे नाव, खाली खाण, असे होऊ शकते. खाण चालू असो वा बंद, तिचे नकाशे कंपनीकडे असतात. आपल्या भागात ती कंपनी बहुधा वेकोलि, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्स. तिचे मुख्यालय नागपूरला आहे. सोडून दिलेल्या खाणीचे नकाशे खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे द्यावे लागतात. त्या महासंचालनालयाचे मुख्यालय धनबादला आहे, पण पश्चिम विभागाचे कार्यालय नागपुरातच आहे.

माहिती अधिकारात अर्ज करताना ‘आमच्या गावाखाली खाण आहे का’ असे विचारू नका, ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर येईल. गट क्रमांक लिहा आणि विचारा: या गटाखाली थर किती मीटरवर आहे, किती जाडीचा कोळसा काढला, फक्त गॅलऱ्या झाल्या की डिपिलरिंगही झाले, झाले असेल तर वाळू भरली की छत पाडले, काम कोणत्या साली थांबले, खाणीत आज पाणी भरले आहे का, आणि या गटापासून सर्वांत जवळची इन्क्लाइन किंवा शाफ्ट, म्हणजे खाणीत उतरणारी उभी विहीर, किती अंतरावर आहे. नकाशाची प्रत द्यायला कुणी कां-कूं केले तर नकाशाचे निरीक्षण मागा. २००५ च्या कायद्यात कागदपत्र समोर बसून पाहण्याचा हक्कही आहे. जाताना गावातला एखादा निवृत्त ओव्हरमन किंवा माइनिंग सरदार सोबत न्या. नकाशावरच्या रेघा त्याला आपल्या गल्लीसारख्या वाचता येतात.

मात्र नकाशा शेवटचा शब्द समजू नका. २ फेब्रुवारी २००१ रोजी धनबादजवळच्या बागडिगी खाणीत शेजारच्या जुन्या कामातले पाणी फुटून आत आले आणि २९ कामगार गेले. नकाशात जाड दाखवलेली कोळशाची आडभिंत प्रत्यक्षात फारच पातळ निघाली होती. भूमिगत काम जिथे संपते असे कागद सांगतो, त्याच्या बाहेरही जमीन हलते. ब्रिटनच्या जुन्या खाणपट्ट्यांतला अनुभव असा की बशीची कड खाली सरळ न उतरता सुमारे ३५ अंशांनी बाहेर कलते, म्हणजे १०० मीटर खोल काम असेल तर जमिनीवर ७० मीटर बाहेरपर्यंत झळ लागू शकते. आपल्याकडचा जाड वालुकाश्म ती कड बहुधा आत ठेवतो. तरी आपण सीमेच्या चार घरे पलीकडे आहोत म्हणून कुणी निश्चिंत राहू नये. ब्रिटनमध्ये या प्रश्नासाठी १९९१ चा स्वतंत्र कायदा आहे, आणि जुन्या खाणपट्ट्यात घर घेणारा माणूस सौद्याआधी खाणीचा अहवाल काढतो. चंद्रपुरात प्लॉटच्या इसारपत्रासोबत असा कागद जोडण्याची पद्धत पडली, तर कित्येक कुटुंबांची आयुष्याची कमाई वाचेल. ती पद्धत पडेपर्यंत तो कागद आपणच मागायचा.

आता भेगा. आपल्या भागातला खरा घोळ इथेच आहे, कारण वर काळी माती आहे. काळी माती उन्हाळ्यात भेगाळतेच. मार्च-एप्रिलमध्ये हात कोपरापर्यंत आत जाईल एवढ्या भेगा आपण लहानपणापासून पाहिल्या आहेत, त्यामुळे भेग दिसली की ‘जमीन तापली’ म्हणून आपण पुढे जातो. उलट एखाद्याने तक्रार केली तर ‘ही काळ्या मातीची भेग आहे’ असे सांगून पाहणीला आलेला माणूसही परत जातो. दोन्ही वेळा नुकसान आपलेच होते. म्हणून या दोन भेगांमधला फरक पक्का कळला पाहिजे.

मातीच्या भेगांचे जाळे असते, पाच-सहा कोपऱ्यांचे तुकडे पडावेत तसे. खाणीची भेग एकटी, लांब आणि दिशा धरून चालणारी असते. ती बांध ओलांडते, रस्ता ओलांडते, विहिरीच्या कठड्यातून आणि घराच्या पायातूनही जाते. तिला समांतर दुसरी, तिसरी असते आणि सगळ्या मिळून एखाद्या मोठ्या बशीच्या काठासारख्या वळतात. मातीच्या भेगेच्या दोन्ही कडा एका पातळीत असतात, तर खाणीच्या भेगेला पायरी पडते, एक कड खाली बसते. पावसाचे वाहते पाणी खाणीच्या भेगेत गुडुप होते आणि बराच वेळ होत राहते. थंडीत पहाटे तिच्यातून वाफ किंवा ऊबदार हवा आली, रॉकेलसारखा किंवा जळका वास आला, तर त्याच दिवशी खाण कार्यालयाला आणि तहसीलला कळवा, खाली कोळसा तापत असू शकतो.

सगळ्यात सोपी परीक्षा कॅलेंडरची. मृग लागण्याआधी गावाभोवती एक फेरी मारा आणि मोठ्या भेगा नोंदवून ठेवा. पोळ्यानंतर त्याच वाटेने पुन्हा फिरा. दोन महिने पाऊस खाल्लेली काळी माती फुगून मिटलेली असते. त्या वेळी जी भेग उघडी राहिली, तिला मातीची भेग म्हणू नका. पाऊस ओढ दिलेल्या वर्षी ही परीक्षा चुकू शकते, एवढे ध्यानात ठेवा. आणि बैल धुवायला गेलेली पोरे नाल्यात पाणी कुठे मुरते ते आपल्याआधी पाहतात, त्यांनाही विचारा.

नोंद कशी करायची? एक शंभर पानी वही पुरे. भेगेच्या दोन्ही बाजूंना पक्क्या जागी खिळे किंवा लोखंडी सळ्या ठोका आणि त्यांच्यातले अंतर पट्टीने मोजून तारखेसह लिहा. भिंतीच्या तड्यावर दोन्हीकडे पेन्सिलने टिंब काढा, किंवा मिस्त्रीकडून तड्यावर आडवी पातळ प्लास्टरची पट्टी मारून घ्या. भिंत हलत असेल तर पट्टी तडकते, पट्टी शाबूत राहिली तर तडा जुना. फोटो काढताना तड्याशेजारी पट्टी धरा. दार अचानक चौकटीत अडकू लागणे, फरशीखालून पोकळ आवाज, विजेचा खांब कलणे, विहिरीचे पाणी दोन-चार दिवसांत एकदम उतरणे, भर पावसाळ्यात हातपंप कोरडा पडणे, हे सारे त्याच वहीत तारखेने यावे. पंचनाम्याच्या वेळी ही वही तुमच्या शब्दाला वजन देते. तडा नसलेल्या घराचेही फोटो आजच काढून ठेवा, कारण उद्या कुणीतरी विचारणारच की हा तडा आधीचा कशावरून नाही.

घर किती बिघडेल हे त्याच्या लांबीवर बरेच अवलंबून असते. ब्रिटनच्या राष्ट्रीय कोळसा मंडळाची जुनी फूटपट्टी अशी: जमीन ताणली गेल्याने इमारतीची एकूण लांबी ३ सेंटिमीटरपर्यंत बदलली तर नुकसान नगण्य, ६ ते १२ सेंटिमीटर बदलली तर ठळक, १८ च्या पुढे गेली तर अति गंभीर. जमिनीचा ताण तोच असला तरी लांब इमारत जास्त फाटते. म्हणून या पट्ट्यात एका लांबलचक ओळीत जोडघरे किंवा शाळेच्या सलग सात-आठ खोल्या बांधू नयेत. लहान, सुटे गाळे, मधे खरीखुरी फट, सगळ्या भिंतींखाली एकसंध बांधणारा प्लिंथ बीम किंवा सपाट काँक्रीटचा राफ्ट आणि वर हलके छप्पर बरे. ब्रिटनच्याच नॉटिंगहॅमशायरमध्ये १९५७ पासून अशा जमिनीवरच्या शाळांसाठी लवचिक पोलादी सांगाड्याची खास पद्धतच वापरात आणली गेली. आपल्याकडचा इंजिनिअर ऐकेल तर ऐकवा. पण हे सगळे बशीसाठी आहे. खड्ड्यापुढे कोणताही राफ्ट टिकत नाही. जिथे दगडाचे छत पातळ आणि खाली मोकळी गॅलरी आहे तिथे बांधूच नये, तिथे कुंपण घालून बाभूळ वाढू द्यावी.

पाण्याचे मला वेगळे सांगायचे आहे, कारण ते आपल्या हातात आहे. खड्डे पावसाळ्यात जास्त पडतात यात नवल नाही. पाणी मुरते, वरची माती जड होते, पातळ छताचे सांधे धुऊन निघतात आणि माती खाली वाहू लागते. फुटलेली नळाची पाइपलाइन भर उन्हाळ्यातही हेच करते. त्यामुळे पागोळ्यांचे पाणी घराच्या पायाशी पडू देऊ नका, पन्हळ लावून गटारात न्या. शोषखड्डा भिंतीपासून दूर ठेवा. गळकी पाइप दुसऱ्या दिवशी नव्हे, त्याच दिवशी दुरुस्त करून घ्या, ग्रामपंचायतीचा माणूस येत नसेल तर चार जणांनी जाऊन आणा. जुन्या कामाच्या वर बोअर मारू नका. कुणाची तरी बोअर एकदम दोन-तीन मीटर पोकळीत गेली असेल, तर ती माहिती कोणत्याही नकाशाइतकी मोलाची आहे. खोली आणि तारीख वहीत लिहा.

शेतात पडलेल्या भेगा उघड्या ठेवू नयेत. त्यांतून हवा आत जाते, कोळसा आपोआप तापू लागतो, आणि एकदा पेटलेली खाण पिढ्यान्‌पिढ्या जळू शकते. झारखंडमधल्या झरियात पहिली आग १९१६ साली नोंदली गेली. आग आणि खचणारी जमीन यांपासून तिथल्या लोकांना वाचवण्यासाठी केंद्र सरकारला २००९ मध्ये पुनर्वसनाचा मोठा आराखडा मंजूर करावा लागला. भेग चिकणमातीने थराथराने भरून चोपून घ्या, वर थोडा उंचवटा ठेवा म्हणजे पाणी साचणार नाही. केरकचरा, प्लास्टिक, पऱ्हाटी त्यात कधीच टाकू नका आणि तिच्याजवळ धुरे पेटवू नका. हे काम खरे तर कंपनीचे आहे. भेगा दिसताच लेखी मागणी करा, पण ती पुरी होईपर्यंत आपल्या शेतातली भेग उघडी ठेवून वाट पाहू नका. भरण्याआधी मोजमाप आणि फोटो घ्यायला विसरू नका.

खाण चालू असेल तर तुमच्या हाती जास्त काही आहे. पिलर काढायला सुरुवात करण्याआधी कंपनीला खाण सुरक्षा महासंचालनालयाची परवानगी लागते. कोळसा खाण विनियम, २०१७ नुसार इतरांच्या इमारती, सार्वजनिक रस्ते आणि रेल्वे यांच्याखाली किंवा त्यांच्यापासून ४५ मीटरच्या आत काम करायलाही परवानगी लागते. त्या परवानगीच्या अटी मागून घ्या. वाळू भरायची अट आहे का, जमिनीची पातळी किती दिवसांनी मोजायची आहे, हे ग्रामसभेत वाचून दाखवा. नदीच्या वाळूची आज टंचाई आहे हे खरे, पण चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राची राख डोंगरासारखी पडलेली आहे. जुन्या पोकळ्या राखेच्या मिश्रणाने भरता येतात, हे तंत्र नवे नाही. भूजलाची काळजी घेऊन ते आपल्या वस्त्यांखाली वापरावे, ही मागणी गावांनी लावून धरली पाहिजे असे मला मनापासून वाटते. जिल्हा खनिज प्रतिष्ठानात खाणीच्या पैशातला वाटा जमा होतो, तो आपल्याच गावांसाठी आहे. त्यातून निदान वस्तीखालच्या पोकळ्यांची तपासणी करून घेता येईल. धनबादच्या केंद्रीय खाण व इंधन संशोधन संस्थेचे केंद्र नागपुरात आहे आणि कोळसा उद्योगाच्या आराखडा संस्थेचे प्रादेशिक कार्यालयही नागपुरात आहे. माणसे आणि यंत्रे लांबून आणायची नाहीत.

अर्ज करताना प्रत जिल्हाधिकारी, तहसीलदार, खाण व्यवस्थापक आणि महासंचालनालय यांना द्या, आणि प्रत्येक ठिकाणची पोच घ्या. कंपनीच्या किंवा सरकारच्या जागेवर वर्षानुवर्षे राहणाऱ्या, पट्टा नसलेल्या कुटुंबांनी वीजबिले, घरकराच्या पावत्या, मुलांचे शाळेचे दाखले एका पिशवीत एकत्र ठेवावेत. घर गेले तर राहण्याचा तेवढाच पुरावा हाती राहतो.

आणि ती पिशवी दारामागे अडकवून ठेवा. कारण शेवटी एखाद्या रात्री जमिनीतून धडधड ऐकू आली, भांडी खणखणली, फरशी हलल्यासारखी वाटली, तर सामान गोळा करायला वेळ नसतो. म्हातारी माणसे, पोरे आणि ती पिशवी घेऊन बाहेर पडा, गुरे सोडा, ११२ किंवा जिल्हा नियंत्रण कक्षाच्या १०७७ वर फोन करा. खड्डा पडला असेल तर तो जितका खोल दिसतो निदान तितके अंतर राखा, कारण कडेची माती पुढचे काही तास ढासळतच राहते. मोबाइलवर चित्रण करायला कडेवर उभे राहणाऱ्यांना हाताला धरून मागे ओढा. खाली कुणाचे जनावर पडले तरी दोराने उतरू नका. तळाशी जमलेल्या खाणीच्या हवेत प्राणवायू कमी असू शकतो, विषारी वायूही असू शकतो आणि उतरणारा माणूस वर येत नाही. सकाळी दोरी लावून चहूबाजूंनी हद्द आखा. मग मिळवून ठेवलेला खाणीचा नकाशा उघडा आणि खड्ड्यापासून गॅलऱ्यांच्या रेघा कोणत्या दिशेला जातात ते पाहा. दोन गॅलऱ्या जिथे एकमेकींना छेदतात तिथले छत सर्वांत कमजोर असते, आणि दुसरा खड्डा पडलाच तर बऱ्याचदा त्याच रेघेवर, पुढच्या चौकावर पडतो. त्या रेघेवरची घरे पहिल्याच दिवशी रिकामी करा.